थोरल्याचं ताट

गेले नऊ दिवस आकारामाचं ताट चाटून पुसल्यासारखं लख्ख परत येत होतं आणि चिमणाबाई येडी, तिला त्याचा आनंद होत होता.

आनंद निम्माच. उरलेल्या निम्म्या जागी काहीतरी टोचत होतं. खातोय, हे बरं झालं. पण आपल्यावर रागावून खातोय, असं तिनं मनाशी धरलं होतं. कारण या घरात ताट बोलायचं.

लग्न होऊन ती कसबा बावड्याच्या या घरात आली तेव्हा चौदा वर्षांची होती. पुरुष जेवून उठले की बायकोनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात वाढून घ्यायचं. ही रीत कुठल्या गाढवानं काढली कुणास ठाऊक, काढणारा स्वतः कधी कुणाच्या उष्ट्यात बसला नसणार हे नक्की. पण त्या घरात दिवसा नवऱ्याकडं मान वर करून बघायची चोरी होती. सासू, सासरा, दीर, अठरा म्हशी, येणारे-जाणारे. बोलणार कधी? मग आकाराम ताटातनं बोलायचा. खूश असला की भाकरीच्या चतकोराखाली मटणाची नळी ठेवून उठायचा. म्हैस आटली, भांडण झालं, मन ठिकाणावर नसलं की आमटी तशीच. आणि बायकोवर राग असला की ताट लख्ख, मागं एक शीत नाही. एकतीस वर्षं ती त्या ताटावरनं नवरा वाचत आली होती. एवढंच वाचन तिला येत होतं.

मिरजेला ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. आपल्या लोकांना कॅन्सर म्हणायची लाज वाटते आणि हगणं म्हणायची त्याहून जास्त. आकारामाच्या वाट्याला दोन्ही आलं होतं. डॉक्टरांनी खालचं आतडं कापून काढलं, मागची वाट शिवून टाकली आणि डाव्या कुशीवर नवी वाट करून दिली. तिच्यावर रबरी पट्ट्यानं बांधलेली प्लास्टिकची पिशवी. पोटातनं कधी काय येईल ते सांगून येत नाही, दाबून ठेवता येत नाही. वरीसभर बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या वरसातलं अर्धं सरलं होतं.

नर्सबाईनं चिमणाबाईला समोर बसवून बोटांवर मोजत सांगितलं होतं. कोबी बंद, कांदा बंद, वाटाणा-शेंगदाणा बंद, चटणी बंद. मऊ भात, पातळ वरण, कुस्करलेलं केळं, ताक. पाणी भरपूर. एकदम पोटभर नको, थोडं थोडं, पण दिवसातनं पाच-सहा वेळा. आणि उपाशी अजिबात ठेवू नका मावशी, रिकाम्या आतड्यात नुसता वारा भरतो. चिमणाबाईनं सगळं पाठ केलं होतं. ती पिशवी धुऊन आपल्या लुगड्याखाली, शेजारणींना दिसणार नाही अशी वाळत घालायची आणि दिवसातनं सहा वेळा ताट घेऊन गोठ्याशेजारच्या खोलीत जायची.

शनिवारी सकाळी ती शेण काढायला गोठ्यात शिरली आणि चांदी म्हशीच्या गव्हाणीत तिला भात दिसला. वैरणीच्या बुडाशी, ओला, हळदीच्या वरणाचा भात. चांदीच्या नाकपुडीवर एक शीत चिकटलं होतं. गव्हाणीच्या बरोबर वर आकारामाच्या खोलीची खिडकी.

शेणाची पाटी तिच्या हातातनं तिथंच खाली गेली.

तिला त्याच पावली खोलीत जायचं होतं, पण आतनं नणंदेची हाक आली. आक्का सकाळच्या गाडीनं हुपरीहून आली होती आणि स्वयंपाकघरात बैठक बसली होती.

बैठक पुढच्या दिवसासाठी होती. धाकटा दीर पिराजी, त्याच्या लेकीची, मीनाक्षीची सुपारी दहा दिवसांपूर्वी गोडाच्या जेवणावर फुटली होती. आता रविवारी पावण्यांना तिखटाचं, मटणाचं आवतण होतं. पावणं शाहूपुरीतलं, गुळाची अडत असलेलं तालेवार घर. सुपारीच्या दिवशी आकाराम तापानं पडून होता, ते निभावलं. उद्या काय करायचं?

"म्या काय वाईट सांगतोय का?" पिराजी चुलीपाशी उकिडवा बसून बोलत होता. "दादाला दोन दिस आक्का हुपरीला घिऊन जाईल. पावण्यास्नी सांगू, दवाखान्याला नेलाय म्हणून. खोटं बी न्हाई अगदीच."

"माझी कुठं ना हाय," आक्का म्हणाली. तिचं घर पैंजण घडवणाऱ्यांचं. "भट्टीचा धूर असतोय दिवसभर. तितं कुणाचा वास कुणाला यायचा."

तो शब्द पडल्यावर कुणीच कुणाकडं बघेना. चिमणाबाई दारातच उभी राहिली. हाताला शेण होतं.

"आनी पयला घास कोन घेणार?" तिनं विचारलं.

घरातल्या थोरल्यानं घास तोंडात घातल्याशिवाय पंगतीत कुणी ताटाला हात लावायचा नाही, अशी या घराची चाल. सासरा, म्हणजे बापू, गेल्यापासून तो मान आकारामाचा. खरं तर सगळ्यात थोरली आक्काच होती, पण बाईचं थोरलेपण कोण मोजतो.

"म्या हाय न्हवं," पिराजी म्हणाला.

फार लवकर म्हणाला. हे आक्काच्याही ध्यानात आलं. तिनं भावाकडं एकदा निरखून बघितलं आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

"भावजी," चिमणाबाई म्हणाली, "कट्टा घेतलासा, आता पाट बी पायजे व्हय?"

दिवाळीच्या आधीची गोष्ट. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर या घराच्या म्हशी दोन्ही वेळेला उभ्या राहतात. गिऱ्हाईक पेला धरतं, आकाराम त्यात धार काढतो, फेसासकट दूध तिथंच उभ्यानं प्यायचं. मिरजेहून आल्यावर दोन महिन्यांनी तो हट्टानं कट्ट्यावर गेला. धार काढायला वाकला आणि पट्टा सुटला. समोरच्या गिऱ्हाइकानं भरलेला पेला खाली ठेवला आणि नाकाला पंचा लावून गेलं. दुसऱ्या दिवशी पिराजीनं म्हशी एकट्यानंच सोडल्या. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. याच गोष्टीची चिमणाबाईला जास्त चीड होती. काही म्हणायला तरी पायजे होतं.

"वयनी, तसं काढू नगा," पिराजीचा आवाज उतरला. "मला काय दादा नगं झालाय? पर पोरीचं लगीन हाय."

"तेच म्हंते मी बी." शालूबाई, पिराजीची बायको, इतका वेळ खोबरं भाजत पाठमोरी होती. "उद्या कुणी म्हणालं, ह्यांच्या घरात ह्यो रोग हाय, तर? माझ्या मीनीला कोन करून घील? थोरल्याबाई, तुमाला लेक न्हाई, तुमाला कळायचं न्हाई."

हे शालूबाईनं बोलायला नको होतं. चिमणाबाईला मूलच नव्हतं. दोन झाली, दोन्ही पाळण्यातनं गेली. खोबऱ्याचा करपट वास यायला लागला तरी शालूबाईचा हात हलेना.

"अठरा म्हशींचं शेण काढतंय ह्ये घर," चिमणाबाई अगदी सावकाश म्हणाली. "शेणानं सारवतंय, शेणी थापून त्येच्यावर रांधतंय. त्या वासाचं कुणाला काय वाटत न्हाई. आनी ज्या माणसानं तुमाला समद्यास्नी जगवलं, त्येच्या पोटाचा वास येतोय." ती मागं फिरली. "त्यो हुपरीला जाणार न्हाई. पाटावर बसंल न्हाईतर पंगतच बसणार न्हाई."

ती तरातरा गोठ्याकडं निघाली. एवढं ठणकावून सांगितलं ते ज्याच्यासाठी, तो मरायला बसला होता आणि हे फक्त तिला ठाऊक होतं.

आकाराम भिंतीला टेकून बसला होता. एके काळी या माणसानं उधळलेला रेडा शिंगं धरून थांबवला होता. आता सदऱ्याच्या गळ्यातनं हाडं मोजून घ्यावीत.

"चांदीला भात कुनी घातला?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"आवं, तुमास्नी इचारतेय."

"खाल्लं की येतंय," तो म्हणाला. "न्हाई खाल्लं की येत न्हाई. येवढं सोपं हाय."

"नऊ दिस?"

"अदनंमदनं केळाचा घास खातोय की. पाणी पितोय. अंदाज घेत हुतो. बंद केल्यावर तिसऱ्या दिशी थांबलं. पर वाजतंय लई." त्यानं पोटावर हात ठेवला. "उद्या तासभर गप बसलं म्हंजी झालं. पंगतीतनं उठलो की मग काय का हुईना."

"रिकाम्या पोटात वारा भरतोय. नर्सबाई म्हणाली न्हवती?"

"तिला काय जातंय म्हणाय. तिला कुठं पावणं यायचं हायत."

चिमणाबाई खाली बसली. तो खिडकीकडं तोंड करूनच बोलायला लागला.

"आई आंथरुणात हुती तवा तिचं धुतलंस. म्हशींचं जनमभर काढलंस. आता माझं. पोराचं धुवायचं, त्येवढंच ऱ्हाऊन गेलं बग तुझं. म्हटलं एक दिस तरी हिला कोरडी पिशवी बगाय मिळंल."

"कोरडी पिशवी मड्याची असत्या," चिमणाबाई म्हणाली.

त्यानं पोटावरचा हात काढला.

"मला वाटलं रागावलायसा."

"कशापायी?"

"ताट लख्ख येत हुतं."

आकारामानं पहिल्यांदा तिच्याकडं मान वळवली. तिला काय म्हणायचंय ते त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग त्याच्या तोंडाची कातडी हलली.

"अगं, मी खिडकीतनं ताटच धरायचो. ती चांदी चाटायची. तिची जीभ म्हंजी कानस हाय नुसती."

"म्या त्याच ताटात वाढून घेत हुते की."

"नऊ दिस?"

"नऊ दिस."

मग दोघं हसली. आवाज न करता, तोंडावर हात धरून, चोरून, नव्या नवरा-नवरीसारखी. एकतीस वर्षांत त्यांना मोठ्यानं हसायची सवय लागलीच नव्हती. हसता हसता चिमणाबाईला वाटलं, हे असं एकदा मोकळं अंगणात बसून करायला पायजे होतं. सगळ्या दुनियेसमोर. आता करू म्हटलं तर दिवस कुठनं आणायचे?

"उद्या बसा आनी खावा," ती म्हणाली. "वाजलं तर वाजू द्या."

"मीनीचं लगीन मोडलं तर शाली जनमभर बोल लावंल तुला."

"लावू दे. म्या ऐकून घेईन. तुमी न्हाई ऱ्हायलासा तर म्या ताट कुनाला वाढू?"

दारात आक्का उभी होती. केव्हा आली कळलं नाही. तिनं खिडकीतनं खालची गव्हाण बघितली, भावाचं नरडं बघितलं आणि पदरानं नाक पुसलं.

"मला फुडं करून तुला हुपरीला न्यायला लावत हुता त्यो पिऱ्या," ती म्हणाली. "मी बी गेले मुकाट त्येच्या मागनं. आकाराम, बापूंचा मान तुझा हाय. उद्या तू पाटावर बस. कोन काय बोलतंय ते मी बघते."

रविवारी दहापासनं परड्यात मटण शिजत होतं. मसाला वाटून तयार होता, तांबड्या रश्श्याचं पातेलं वेगळं, पांढऱ्याचं वेगळं. आकारामासाठी काय करायचं ते चिमणाबाईच्या मनात होतं, पण मटणाला हात शालूबाईचा आणि कालपासनं दोघी जावा बोलत नव्हत्या. मऊ भाताला वरण घालून वेळ निभावून न्यावी, असं तिनं ठरवलं. तेवढ्यात शालूबाईनं मसाला पडायच्या आधी हंडीतलं नितळ पाणी वाटीत काढलं, फडक्यानं गाळलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि वाटी तिच्या पुढ्यात सरकवली.

"अळणी हाय, बिनमसाल्याची," ती चुलीकडं बघत म्हणाली. "बाळंतिणीला आनी दात न आलेल्या पोराला देत्यात. त्यास्नी काय व्हायचं न्हाई." थोडं थांबून म्हणाली, "काल माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं."

चिमणाबाईनं वाटी उचलली. एवढ्यानं भरून निघत नाही. पण वाटी गरम होती.

सोप्यात आठ पाट मांडले होते. नवऱ्या मुलाचा बाप बाळासो आणि त्याचा मेव्हणा ज्ञानू एका ओळीत बसले. आकाराम ढगळ सदरा घालून भिंत धरत आला आणि त्यांच्या समोर मधल्या पाटावर बसला. पट्टा चिमणाबाईनं दोनदा आवळला होता, आत कापूस भरला होता, कुशीला अत्तराचा फाया खोवला होता. ती आतल्या दाराच्या चौकटीआडनं बघत होती. पावणे असताना बायकांनी तिथपर्यंतच यायचं.

"दादा, तुमी रस्सा घेतला न्हाई?" बाळासोनं विचारलं.

"अळणी हाय माझं. ल्हान पोराचं जेवान." आकारामानं भात कालवला, घास उचलला, तोंडात घातला. सगळ्यांचे हात आपापल्या ताटाकडं गेले.

दुसरा घास. तिसरा. नऊ दिवस बंद असलेल्या नरड्यातनं घास खाली उतरताना तिला इथनं दिसत होता. तिचं स्वतःचं नरडं त्याच्याबरोबर हलत होतं.

चौथ्या घासाला पोट वाजलं.

हळू नाही वाजलं. दमट गोणपाट टरकावल्यासारखा आवाज झाला, लांबला, थांबला आणि पुन्हा झाला. पाठोपाठ अत्तराला न जुमानणारा वास. पिराजी मोठमोठ्यानं उसाच्या तोडीबद्दल बोलायला लागला.

"पिराजी, गप जरा," आकाराम म्हणाला. मग पावण्यांकडं बघून, शब्द न चावता, "पावणं, त्यो आवाज माझा हाय. मला क्यान्सर झाल्ता. मिरजंला मागची वाट शिवून टाकल्या, आता हितनं येतंय." त्यानं कुशीवर हात ठेवला. "दाबून धरता येत न्हाई. रोग माझा हाय, पोरीचा न्हाई. लागत बी न्हाई. लागाय पायजे हुता तर पयला माझ्या बायकूला लागला असता."

ज्ञानूनं हातातली भाकरी ताटात ठेवली आणि ताट पुढं सरकवून उठला. "हात धुवाय पाणी कुठं हाय?" त्यानं विचारलं. अर्ध्या ताटावरनं उठला. अशी माणसं स्वतः आयुष्यात कधी हगलीच नसल्यासारखी उठतात.

बाळासो उठला नाही. पण त्याचाही हात थांबला होता. "डाक्टर काय म्हणत्यात?" त्यानं विचारलं.

"खावा म्हणत्यात."

"मग?"

आकारामानं घास उचलला नाही. त्याचा हात भातावर तसाच राहिला. ज्ञानूचं अर्धं ताट त्याच्या समोर होतं आणि तो तिकडंच बघत होता, गंगावेशीत त्या पेल्याकडं बघत राहिला असेल तसा. चिमणाबाईला कळलं, हा आता उठणार. उठला की पुन्हा ताटावर बसणार नाही. खिडकीशी बसेल आणि म्हैस खाईल.

ती चौकट ओलांडून बाहेर आली.

डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुरुषांच्या पंगतीतनं सरळ चालत त्याच्या ताटाशी जाऊन वाकली. एकतीस वर्षांत एकदाही परक्या पुरुषांसमोर तिनं नवऱ्याला वाढलं नव्हतं. भात घातला. वाटीतली उरलेली अळणी वर ओतली.

"घ्या," ती म्हणाली. आणि उभीच राहिली.

पिराजी "वयनी" म्हणाला, पण मागनं आक्कानं त्याला डोळ्यानंच बसवलं.

आकारामानं मान वर केली नाही. बराच वेळ गेला असं तिला वाटलं. मग त्याची बोटं हलली. त्यानं भात कालवला आणि पाचवा घास घेतला. पोट वाजतच होतं. तो खात होता.

"आमाला बी जरा तांबडा वाडा की, वयनीबाई," बाळासो म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.

लग्नाचं काय झालं, हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही. पावणे गेले ते नीट बोलून गेले, पण ज्ञानू आधीच जाऊन मोटारीत बसला होता. शालूबाई उंबऱ्यात बसून रस्त्याकडं बघत राहिली. आक्का तिच्या शेजारी बसली.

दुपार कलली तेव्हा चिमणाबाई कोमट पाणी घेऊन खोलीत आली. पिशवी भरली होती. तिनं पट्टा सोडला, फडकं भिजवलं आणि त्याची कूस पुसायला लागली. तो पालथा हात डोळ्यांवर घेऊन पडला होता. झोपला असेल असं तिला वाटलं. कुशीवरचं ते लाल तोंड ओलं होतं, जितं होतं. ती हलक्या हातानं पुसत राहिली. असंच पुसत बसायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. वरीसभर, दोन वरसं, म्हातारी होईपर्यंत.

"चिमणा," तो डोळ्यांवरचा हात न काढता म्हणाला.

"काय?"

"भूक लागल्या."

तिचा हात थांबला. या दोन शब्दांनी तिच्या तरुणपणातल्या सगळ्या दुपारी खाल्ल्या होत्या. धारा काढून यायचा, दारातनंच ओरडायचा आणि ती पदर खोचून, मनात शिव्या देत भाकरी थापायला बसायची.

"काय म्हणालासा?"

"ऐकू आलंय की तुला."

"आलंय," ती म्हणाली. "पर आनी एकदा म्हणा."